खटावकरांच्या पायरीवरची फुलं

गणपत खटावकरांना कोणी म्हातारा म्हटलं तर चालायचं, चिकट म्हटलं तरी चालायचं, पण दुकान रिकामं दिसतंय असं कोणी म्हटलं की त्यांचं डोकं फिरायचं. एरवी माणूस गरीब गाईसारखा. पण गिऱ्हाईक नसलं तरी कापडाचे गठ्ठे उलगडायचे, पुन्हा घड्या घालायच्या, गज घेऊन उगाच काहीतरी मोजत बसायचं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, खटावकरांना मान वर करायला सवड नाही.

हुबळीच्या दुर्गदबैल बाजारामागच्या गल्लीत त्यांचं 'खटावकर मॅचिंग सेंटर' होतं. आजोबा साताऱ्याकडून सुईदोरा घेऊन इकडे आले, वडिलांनी शिलाईचं मशीन टाकलं, आणि गणपतरावांनी शिलाई सोडून ब्लाऊजपीस, अस्तर, फॉल असला माल ठेवला. मशीन कोपऱ्यात तसंच राहिलं. बाई साडी घेऊन आली की ते साडीचा पदर हातात धरून पायरीवर येत आणि उन्हात कापडाला कापड लावून बघत. दिव्याखाली जुळलेला रंग त्यांना पटायचाच नाही. "अक्का, आतला उजेड फसवतो बघा," म्हणायचे, आणि बाईलाही उन्हात उभी करायचे.

त्याच पायरीच्या एका टोकाला कल्लव्वा फुलं घेऊन बसायची. शेवंती, झेंडू, काकडा, दिवस चांगला असला तर मोगरा. उणकलच्या तळ्यामागे तिचं घर. नवरा केव्हाच गेला होता. पदरात एक मुलगा, तोही फिट येणारा, त्यामुळे त्याला कुणी कामावर ठेवत नसे. या गल्लीत पायरीचं भाडं कोणी घेत नाही, पण पायरीचा रिवाज आहे. पायरीवर बसणारीनं सकाळी दुकानापुढचा केर काढायचा, सडा घालायचा आणि दिवसाची पहिली माळ दुकानातल्या देवाला द्यायची. दुकानदारानं तिची टोपली संध्याकाळी आत ठेवायची, पाणी द्यायचं, सुटे पैसे द्यायचे. पहिल्या माळेचे पैसे ती मागत नाही, आणि तो विचारत नाही. कल्लव्वा तर माळ मोजताना कोपरापासून बोटापर्यंत हात धरायची आणि खटावकरांच्या माळेला वर आणखी वीतभर सोडायची. खंडेनवमीला तीच माळ लांबलचक व्हायची. कात्रीला, गजाला आणि कोपऱ्यातल्या मशीनला एकाच माळेत गुंडाळायचं, ही त्यांच्या दुकानाची पद्धत.

लॉकडाऊन उठला तेव्हा दुकानाचं कंबरडं मोडलेलं होतं. पोरी तयार ब्लाऊज घालायला लागल्या, उरलेल्या मोबाईलवरून मागवायला लागल्या. याच काळात शीतलच्या, म्हणजे त्यांच्या लेकीच्या, आग्रहावरून गणपतरावांनी गल्ल्यावर तो काळा-पांढरा चौकोन चिकटवला आणि पैसे आले की बोलणारा डबाही घेतला. पहिले काही दिवस डबा मुका होता. एक दिवस एका कॉलेजच्या पोरीनं कल्लव्वाकडून गजरा घेतला आणि मोबाईल पुढे केला. कल्लव्वाकडे कसला मोबाईल? होता तो बटणांचा. पोरगी गजरा परत ठेवणार, एवढ्यात गणपतराव आतून म्हणाले, "इकडे मार की स्कॅन. मी देतो तिला रोख."

डबा कानडीत ओरडला, "ऐवत्तु रूपायि." पन्नास रुपये आले. गणपतरावांनी गल्ल्यातून नोट काढून पायरीवर दिली.

तेव्हापासून ते सुरू झालं. "बंतेन्री अण्णा?" कल्लव्वा पायरीवरून विचारायची, आले का हो? आणि हे आतून म्हणायचे, "बंत, बंत." की नोट बाहेर जायची. श्रावण आला, गौरी-गणपती आले, लग्नाच्या तिथी आल्या. देवळांचे हार, मांडवाच्या माळा, सगळ्याचे पैसे त्या डब्यात पडायला लागले. सुशीलाबाई, त्यांची बायको, एकदा म्हणाल्यासुद्धा, "अहो, तिचं तिला एक खातं काढून द्या की." पण कल्लव्वाच नको म्हणाली. खात्यात पैसे दिसले तर विधवा पेन्शन बंद होते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. गणपतरावांनीही फार जोर केला नाही. व्यापाऱ्याला पैसे मोबाईलवरूनच पाठवायचे असायचे, रोख भरायला बँकेत जायची खेप वाचायची.

पण खरं कारण ते नव्हतं, हे आपण सांगून टाकावं. खरं कारण तो डबा होता. दिवसभर तो ओरडत राहायचा आणि गल्लीला वाटायचं, खटावकरांचं काय जोरात चाललंय! समोरच्या स्टीलच्या भांडीवाल्या उमेशनं एकदा विचारलंही, "काय खटावकर, तुमचा डबा दम घेईना की! कुठून आणताय एवढी गिऱ्हाइकं?" गणपतराव नुसते हसले. शीतलला बघायला आलेली मंडळी दुकानात चहाला बसली तेव्हा तर डब्यानं कहर केला. मुलाचे वडील कौतुकानं त्याच्याकडे बघत होते. गणपतराव तोंडानं एक अक्षर खोटं बोलले नाहीत. त्यांनी फक्त ती फुलं आहेत एवढं सांगितलं नाही. त्या दिवशी घरी येऊन ते सुशीलाबाईंना म्हणाले, "बघितलंस?" आणि बऱ्याच वर्षांनी पोटभर जेवले. शीतलचं लग्न त्याच घरात झालं.

मग कर खात्याची नोटीस आली.

त्या पावसाळ्यात अशा नोटिसा गावात पुष्कळांना आल्या होत्या. बेकरीवाले, चहावाले, भाजीवाले घाबरून 'फक्त रोख' अशा पाट्या लावत सुटले होते. गणपतराव त्यांना हसत होते, म्हणत होते, आपण कुठले एवढे मोठे! आता स्वतःच्या नावाचा कागद हातात आल्यावर त्यांनी तो पायरीवर उजेडात नेऊन पुन्हा वाचला. नोटिशीत लिहिलं होतं की त्यांच्या खात्यात चार वर्षं जमा झालेली रक्कम पाहता त्यांचा धंदा मर्यादेच्या बाहेर गेलेला आहे, त्यांनी नोंदणी केलेली नाही, तेव्हा कर, व्याज आणि दंड भरावा, किंवा हजर राहून खुलासा करावा. सगळ्या गल्लीनं जे मानावं म्हणून ते धडपडत होते, ते शेवटी सरकारनं मानलं होतं.

सुमंत कुलकर्णी हे विद्यानगरातले कर सल्लागार, गणपतरावांच्या ओळखीचे. त्यांनी कागद वाचला, खात्याचा उतारा वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"खटावकर, हे सगळं ब्लाऊजपीसचं?"

"कुठलं हो! निम्म्याहून जास्त कल्लव्वाचं आहे. फुलांचं."

"मग आनंद आहे. फुलांवर करच नाही, आणि मुळात पैसे तुमचे नाहीत. ते बाजूला काढले की तुम्ही मर्यादेच्या आत. सुटलात." कुलकर्ण्यांनी चहा मागवला. "फक्त तिनं तसं लिहून द्यायला पाहिजे. अंगठा चालेल. आधार आणि रेशन कार्डाची झेरॉक्स जोडायची."

"आणि नाही दिलं तर?"

"तर ते तुमचे. मग दुकान विकून भरावं लागेल, दुसरं काय! पण देईल हो. का नाही देणार?"

कल्लव्वानं ऐकलं आणि लगेच हो म्हणाली. "अण्णा, तुम्ही एवढं केलंत, मी एक अंगठा देऊ नको?" गणपतरावांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी मात्र ती आली ती तोंड पाडून. केर काढला, सडा घातला, पण माळ द्यायला आत आली आणि दारातच थबकली.

त्यांचं बोलणं नेहमी कानडीतच व्हायचं. ती म्हणाली, "अण्णा, एक मागते. माझं नाव नको."

"का ग?"

"आमच्या उणकलात सगळे म्हणतात, एवढे पैसे तुझे आहेत असं लिहून दिलंस तर रेशन कार्ड जाईल. एवढे लाख रुपये बघितल्यावर मला गरीब कोण म्हणेल? कचेरीतले विचारणार नाहीत की फुलं मी किती पैशांना आणली. तांदूळ गेला तर जाऊ दे. पण पोराची फिटची औषधं त्या कार्डावर मिळतात. दवाखान्यात आधी कार्ड मागतात, मग पोराचं नाव विचारतात." तिनं पदर तोंडाला लावला. "तुमचं दुकान तुम्हाला मोठं आहे, मला कळतं. पण मी काय करू?"

गणपतराव खरंच भला माणूस. समोर रडणारी बाई त्यांना बघवेना. त्यांनी गल्ल्यावरची वडिलांची कात्री उचलली आणि तिच्यावर हात ठेवला. शिंप्याच्या घरात याच्यापुढे शपथ नाही. "कात्रीची आण, कल्लव्वा. तुझं नाव माझ्या तोंडातून जायचं नाही. मी बघतो काहीतरी."

ती वाकून नमस्कार करायला लागली तेव्हा त्यांनी तिला रागावून उठवलं. त्या दिवशीची माळ नेहमीपेक्षाही लांब होती.

काहीतरी बघतो म्हणणं सोपं असतं. बघायला काहीच नव्हतं. कुलकर्ण्यांनी मुदत वाढवून घेतली, जुनी बिलं मागितली, व्यापाऱ्यांकडून आलेल्या मालाचा तपशील जुळवला. एवढ्या थोड्या कापडातून एवढी विक्री होणं शक्य नाही, हा मुद्दाही त्यांनी लिहून दिला. "पण खटावकर," ते म्हणाले, "नुसतं माझं नाही म्हणून भागत नाही. कुणाचं तेही विचारतील. तिचं नाव का लिहू देत नाही?" गणपतराव बिलांचा गठ्ठा पुन्हा बांधायला लागले. घरी सुशीलाबाईंनी हातातल्या पाटल्या काढून देव्हाऱ्यात ठेवल्या. शीतलच्या सासऱ्यांचा फोन आला, "ऐकलं ते खरं काय?" म्हणून. इतके दिवस ज्यांना डबा ऐकवला त्यांना आता काय सांगायचं, हे त्यांना सुचेना. डबा त्यांनी बंद करून खणात टाकला होता. पायरीवर फुलं घेणाऱ्या पोरी मोबाईल काढायच्या, कल्लव्वा मान हलवायची, आणि पोरी पुढे जायच्या.

सुनावणी श्रावणातच लागली. गणपतराव इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कर कचेरीत गेले. त्यांना वाटलं होतं कोणी मिशीवाला साहेब असेल, ओरडेल, मग आपणही छाती पुढे काढू. समोर होती शीतलच्या वयाची एक अधिकारी बाई. तिनं त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. कुलकर्ण्यांचा कागद पूर्ण वाचला.

"काका," ती कानडीतच पण अगदी मऊ आवाजात म्हणाली, "एवढ्या कापडाची एवढी विक्री होत नाही, हे मलाही दिसतंय. मग उरलेले पैसे कुणाचे?"

"पायरीवर लोक असतात. असेच... अडल्यानडल्याचे."

"कोण लोक? मला एक नाव द्या. मी स्वतः खात्री करते आणि तेवढे वजा करते. तुम्हाला बुडवायची मला हौस नाही. पण नाव नसेल तर माझा हात बांधलेला आहे. हेसरु हेळ्री, काका."

नाव सांगा. एवढंच.

गणपतरावांनी कुलकर्ण्यांकडे बघितलं. कुलकर्णी टेबलाखालून त्यांच्या गुडघ्याला हात लावत होते. त्यांना देव्हाऱ्यातल्या पाटल्या दिसल्या. दुकानाच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी दिसली, आणि समोर उमेश दारात उभा राहून ती वाचतोय असंही दिसलं. ती बाई ओरडली असती तर कदाचित ते अडून बसले असते. तिनं पाण्याचा पेला त्यांच्याकडे सरकवला, आणि त्या सरकवण्यानंच ते विरघळले.

"कल्लव्वा," ते म्हणाले. "माझ्याच पायरीवर बसते. फुलं विकते."

बाहेर आल्यावर कुलकर्णी त्यांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "हे आधी बोलला असतात तर एवढी झोप गेली नसती!" गणपतराव त्यांच्याबरोबर चहालाही थांबले नाहीत.

ते कल्लव्वाला आधी सांगणार होते. निदान सावध तरी करायचं, असं ठरवूनच ते सकाळी दुकानात आले. पण ती केर काढत होती, मग सडा घालत होती, मग तिनं हसत माळ दिली, आणि ते आत जाऊन गठ्ठे उलगडत बसले. थोड्या वेळानं सांगू, असं म्हणत त्यांनी दुपार केली. आणि दुपारी तीच अधिकारी बाई एका कारकुनाला घेऊन गल्लीत आली.

ती पायरीपाशी खाली बसली, साडी सावरून, आणि कल्लव्वाला विचारलं, "अव्वा, गेली चार वर्षं या दुकानाच्या खात्यावर येणारे फुलांचे पैसे तुमचे का?"

गल्ली थांबली. उमेश हातातलं पातेलं पुसत बाहेर आला.

कल्लव्वाला एका शब्दात सुटता आलं असतं. नाही म्हणायचं, मी अडाणी बाई, मला काय माहीत म्हणायचं. काहीही लिहिलेलं नव्हतं. हातानं हातात दिलेली रोख, तिला पुरावा कुठला! गणपतराव आत गल्ल्यामागे उभे होते, हात कात्रीपाशी. कल्लव्वानं वळून त्यांच्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती बघत राहिली. ओळखीचं माणूस गर्दीत दिसलं, पण तेच आहे ना याची खात्री होईना, तसं.

मग ती अधिकारी बाईकडे वळली आणि म्हणाली, "हो. माझे. अण्णांनी त्यातला एक पैसा ठेवून घेतला नाही."

तिनं अंगठा दिला. बोटाची शाई तिनं झेंडूच्या पानांना पुसली.

गणपतराव सुटले. अगदी कोरडे नाही, थोडं काही भरावं लागलं, पण दुकान राहिलं, पाटल्या सुशीलाबाईंच्या हातात परत गेल्या. उमेशनं सगळ्यांदेखत विचारलं, "म्हणजे तो डबा फुलांचा होय?" गल्ली हसली. त्यांना त्याचं वाईटसुद्धा वाटलं नाही. ज्या गोष्टीला ते आयुष्यभर भ्यायले ती घडली आणि डासाइतकीही चावली नाही.

कल्लव्वाचं रेशन कार्ड काही आठवड्यांनी चौकशीत अडकलं. त्या दिवसांत अनेकांची कार्डं तपासणीत होती. याच कागदामुळे अडकलं की नुसताच योग होता, हे कोणालाच सांगता आलं नाही. कुलकर्णी म्हणाले, दोन खात्यांचा काही संबंध नसतो. गणपतरावांनी त्यांना तेच पुन्हा पुन्हा विचारलं, आणि कुलकर्णी पुन्हा पुन्हा तेच म्हणाले, तरी त्यांची खात्री होईना. ते स्वतः रेशनच्या कचेरीत गेले, अर्ज लिहून दिला, रांगेत उभे राहिले. मुलाच्या औषधांना पैसे द्यायला म्हणून उणकलला गेले, तर कल्लव्वा घरी नव्हती. मुलगा उंबऱ्यात बसला होता. त्याच्या कपाळावर पडल्याची ताजी खोक होती. त्याच्या हातात पाकीट ठेवून ते परत आले. दुसऱ्या दिवशी तेच पाकीट, न उघडलेलं, त्यांच्या गल्ल्यावर होतं.

कल्लव्वा पायरी सोडून गेली नाही. रोज यायची, केर काढायची, सडा घालायची, देवाची माळही द्यायची. "बंतेन्री" म्हणायचं काही कारणच उरलं नव्हतं. गणपतराव हजारदा म्हणणार होते, कल्लव्वा, माझं चुकलं. शब्द तोंडात यायचे, आणि बाहेर पडायचं ते "चहा घेतेस का?" ती म्हणायची, "नको अण्णा, आत्ताच झाला."

खंडेनवमीला दुकान धुतलं. गणपतरावांनी कात्रीला तेल लावलं, गज पुसला, मशीनवरची धूळ झटकली आणि कात्री, गज पाटावर मांडले. मशीन जड, ते होतं तिथेच कोपऱ्यात राहिलं, पाट त्याच्या शेजारी आला. सुशीलाबाई कोहळा, नारळ, कुंकू घेऊन आल्या होत्या. गल्लीभर गर्दी होती, शेवंतीचा ढीग पायरीवर संपत आला होता.

कल्लव्वा माळ घेऊन दारात आली. दरवर्षी ती आत येऊन स्वतः कात्रीला गुंडाळायची. यंदा ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. तिनं माळ कोपराला धरली, बोटापर्यंत नेली, पुन्हा कोपराला धरली. गणपतराव तिचा हात बघत होते. शेवटच्या मापाला तिनं बरोबर बोटाच्या टोकाशी दोरा तोडला.

"साठ रुपये, अण्णा."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी गल्ला उघडला, शंभराची नोट काढली. "राहू दे बाकीचे."

"नको, अण्णा." तिनं कनवटीचे पैसे काढले, चाळीस मोजले आणि त्यांच्या हातावर ठेवले. "तुमचे ते तुमचे." आणि पायरीवर जाऊन बसली. एक बाई आधीपासून थांबली होती, तिला माळ मोजून द्यायला लागली.

गणपतरावांनी पाटावर वाकून माळ घातली. कात्रीला एक वेढा झाला, गजाला एक वेढा झाला, आणि दोरा संपला.

"अहो, आखूड पडली की," सुशीलाबाई म्हणाल्या. "मशीनपर्यंत येईना. तिला सांगा, आणखी थोडी दे म्हणावं."

"आखूड नाही," गणपतराव म्हणाले. "बरोबर आहे. मोजून दिलीय तिनं."